पहिला सर्फबोर्ड घेताना: गोवा आणि दक्षिण कोकणच्या लाटांसाठी

दरवर्षी ऑक्टोबर लागला की ओळखीतून फोन यायला लागतात. पुण्या-मुंबईची मुलंमुली हरमलला किंवा आश्व्याला चार दिवस सर्फिंग शिकून आलेली असतात, फेसाच्या लाटेवर उभी राहिलेली असतात, आणि आता त्यांना स्वतःचा बोर्ड हवा असतो. पाठोपाठ फोटो येतो: सहा फुटी, अणकुचीदार टोकाचा, पांढराशुभ्र शॉर्टबोर्ड. ‘चांगला मिळतोय, घेऊ का?’

बोर्ड चांगलाच असतो, पण तो आपल्या लाटेसाठी बनवलेला नसतो. मीही असाच एक ६ फूट २ इंची बोर्ड घेऊन सुरुवात केली आणि अख्खा हिवाळा शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर काढला. लाट यायची, मी जीव तोडून हात मारायचो, आणि ती बोर्डाखालून सरकून पुढे जायची. मला वाटायचं, आपल्याच दंडांत जोर नाही. पुढच्या वर्षी एकाने त्याचा ९ फुटी बोर्ड तासभर वापरायला दिला. त्या तासात जितक्या लाटा मिळाल्या तितक्या आधीच्या चार महिन्यांत मिळाल्या नव्हत्या. तेव्हा मला जे कुणी सांगायला हवं होतं, ते इथे ओळीने लिहितो आहे.

बोलणं तेरेखोलच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्याबद्दल आहे. उत्तरेला शिरोडा, वेंगुर्ला, मालवण. दक्षिणेला पेडणे तालुक्यातले हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी.

पहिली पायरी: आठवडाभर नुसता किनारा बघा

दुकान नंतर. आधी सकाळी साडेसहाला पुळणीवर जाऊन बसा, हातात वही घेऊन. सकाळच का, तर त्या वेळी मतलई वारा असतो. रात्रभर जमीन थंड झालेली असते, वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि येणाऱ्या लाटेचं तोंड गुळगुळीत ठेवतो. दहा-अकरानंतर खारे वारे सुटतात आणि तोच समुद्र खडबडीत होतो. दुपारी बघितलेल्या समुद्रावरून बोर्ड ठरवाल तर चुकाल.

वहीत तीन गोष्टी लिहा. एक, लाटेची उंची, आणि ती फुटात न लिहिता अंगाच्या मापाने: गुडघा, मांडी, कंबर, छाती. नवख्या डोळ्याला फुटांचा अंदाज येत नाही, पण लाटेसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या कुठपर्यंत ती येते हे कुणालाही दिसतं. ऑक्टोबर ते मे या काळात इथे बहुतेक दिवस गुडघा ते कंबर असंच लिहिलं जाईल.

दोन, लाटांमधलं अंतर सेकंदांत. एकाच जागी फुटणाऱ्या दहा लाटांना लागलेला वेळ मोजा आणि दहाने भागा. ही नोंद उंचीपेक्षाही महत्त्वाची आहे. ५ ते ७ सेकंद आले तर ती जवळच्याच वाऱ्याने उठवलेली लाट. १२ सेकंदांच्या वर गेले तर ती फार लांबून आलेली. खोल समुद्रात ६ सेकंदांच्या लाटेची लांबी साधारण ५६ मीटर भरते, १४ सेकंदांच्या लाटेची ३०० मीटरच्या वर. लांब लाटेला तळ फार लवकर लागतो, ती किनाऱ्याकडे येताना उंच होत जाते आणि फुटताना बोर्डाला चांगला रेटा देते. म्हणून ६ सेकंदांची कंबरेइतकी लाट आणि १४ सेकंदांची कंबरेइतकी लाट यांवर एकच बोर्ड सारखा चालत नाही.

आपल्याकडे लांबून येणाऱ्या लाटा दोन बाजूंनी येतात. थंडीत इराणच्या आखाताकडून ‘शमाल’ नावाचे वायव्येचे वारे सुटतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागतात. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्या इथे मोजलेल्या आहेत. आणि एप्रिल-मेमध्ये थेट दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून येतात. केरळात याच लाटा वाऱ्याचा मागमूस नसताना वस्त्यांत घुसतात, तिथले मच्छीमार त्याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. आपल्यापर्यंत त्यांचा जोर कमी झालेला असतो, तरी मे महिन्यातली एखादी शांत सकाळ अचानक देखणी लाट घेऊन येते ती यांच्यामुळे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था लाटांची उंची, सेकंद आणि दिशा यांचा अंदाज रोज देते. तुमच्या वहीतले आकडे आणि त्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवत जा. महिन्याभरात अंदाज वाचून घरबसल्या किनारा दिसायला लागतो.

तिसरी नोंद: लाट फुटते कशी. माथ्यावर फेस येऊन तो हळूहळू खाली ओघळतो, का सगळी लाट एकदम पुढे वाकून धपकन आदळते? हे तळाच्या उतारावर अवलंबून आहे. पुळण सपाट असेल तर लाट ओघळते. उतार तीव्र असेल तर आदळते. मांद्रे, आश्वे, वेळागर हे सपाट. ओहोटीला ओल्या वाळूवरून चालतच राहावं लागतं, तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. उलट गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी चार पावलांत पाणी खोल होतं आणि लाट किनाऱ्यालगत आदळते. अशा जागी नवख्याने कुठलाच बोर्ड घेऊन उतरू नये. दरवर्षी तिथे माणसं बुडतात.

लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट-दीडपट खोलीवर फुटते. म्हणजे दोन फुटी लाट फुटते तेव्हा तिच्याखाली अडीच-तीन फूटच पाणी असतं. पडताना डोकं खाली करून सूर मारायचा नाही, हे बोर्ड निवडण्याआधीच अंगवळणी पाडा.

दुसरी पायरी: तिथीवरून भरती काढा

कोकणातल्या जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. येईल तो भरतीचा सुमार. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या आसपास पूर्ण भरती आणि बाराच्या आसपास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला नि अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी संपते आणि सकाळभर पाणी चढत राहतं. मिनिटामिनिटाचा हिशेब हवा असेल तर भरतीचं छापील कोष्टक बघा, पण घरातून निघायचं कधी हे ठरवायला पाऊणपट पुरते.

बोर्डाशी याचा संबंध असा. सपाट किनाऱ्यावर पूर्ण भरतीला लाट जाड आणि आळशी होते, फुटता फुटता किनाऱ्याला येते. तेव्हा लांब बोर्डाशिवाय हाती काही लागत नाही. पूर्ण ओहोटीला तीच लाट सरळ रेषेत एकदम कोसळते आणि पळायला जागा ठेवत नाही. मधला काळ बरा, त्यातही चढतं पाणी. पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे सकाळी मतलई वारा आणि चढतं पाणी दोन्ही एकदम मिळतात, म्हणून माझे सर्फिंगचे दिवस मी पंचांग बघून ठरवतो. गोव्याकडे उधाणाला पाणी सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं, मुंबईत चार मीटरच्या वर. त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावर दोन तासांत सगळा नकाशा बदलतो आणि इथले ठोकताळे तिथे लागू होत नाहीत.

तिसरी पायरी: ऋतू

हे थोडक्यात. जून ते सप्टेंबर पाण्यात जायचं नाही. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही बंदी असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते होड्या वर ओढून ठेवतात, तेव्हा आपण उतरण्याचं कारण नाही. गोव्यात जीवरक्षकांचा लाल झेंडा दिसला तर परत फिरा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरचं मात्र वेगळं महत्त्व आहे. पावसाळी लाटांनी पुळणीवरची वाळू ओढून थोडी आत नेऊन ठेवलेली असते, तिचे पाण्याखाली दांडे तयार होतात, आणि त्या दांड्यांवर लाट नीट आकार घेऊन फुटते. पुढे हळूहळू ती वाळू किनाऱ्यावर परत येते, दांडे बुजत जातात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत लाट सुस्तावते. म्हणजे दिवाळीला जो बोर्ड मजेत चालला तोच शिमग्याला अपुरा पडू शकतो. पहिला बोर्ड घेताना शिमग्याची लाट डोळ्यांसमोर ठेवा.

चौथी पायरी: बोर्ड वाचायला शिका

बोर्डावर पेन्सिलीने किंवा छापून आकडे लिहिलेले असतात: लांबी फूट-इंचात, रुंदी आणि जाडी इंचात, आणि बहुतेक नव्या बोर्डांवर शेवटी लिटर. हा लिटरचा आकडा म्हणजे बोर्डाचं घनफळ. जितके लिटर जास्त तितका बोर्ड तुम्हाला पाण्याच्या वर उचलून धरतो, आणि जितका वर धरतो तितक्या कमी कष्टात तो पुढे सरकतो.

आपल्या लाटेला हेच का लागतं ते समजून घ्या. कंबरभर पाण्यातली लाट सेकंदाला साधारण तीन मीटर वेगाने किनाऱ्याकडे येते. तिच्यावर स्वार व्हायचं तर तिने गाठण्याआधी तुम्हाला बऱ्यापैकी वेग घ्यावा लागतो. लाट उभी आणि जोरकस असेल तर तिचा उतारच तुम्हाला खाली ढकलतो, लहान बोर्डही निघतो. आपली लाट ओघळणारी, तिला उतार थोडा. मग वेग बोर्डाने द्यायचा असतो, म्हणजे लांबीने, रुंदीने आणि लिटरने. हवाईतल्या वायकिकीच्या लाटा अशाच संथ आणि लांब पळणाऱ्या. तिथे ड्यूक कहानामोकू हा ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता जलतरणपटू १६ फुटी लाकडी बोर्डावर उभा राहायचा. त्या लाटेवर तो बोर्ड शोभत होता. आज व्हिडिओत दिसणारे सहा फुटी बोर्ड उभ्या, पोकळ लाटांसाठी घडले आहेत. २०२५ मध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धेत रमेश बुडिहाळने कांस्यपदक मिळवलं तेव्हा अनेकांनी त्याच्यासारखाच बोर्ड शोधायला घेतला. पण त्याच्यामागे वर्षानुवर्षांचा सराव आहे आणि पूर्व किनाऱ्याची लाटही वेगळी आहे.

लिटरनंतर बघायचं ते रॉकर, म्हणजे बोर्ड बाजूने पाहिला असता टोकाकडे आणि शेपटीकडे किती वर वळलेला दिसतो ते. होडीच्या नाळेसारखा जास्त वळलेला बोर्ड उभ्या लाटेत टोक पाण्यात खुपसू देत नाही, पण सपाट लाटेत पाणी ढकलत बसतो आणि वेग खातो. आपल्याला कमी रॉकर हवा. बोर्ड सपाट जमिनीवर पोटावर ठेवा आणि टोक जमिनीपासून किती उचललं गेलंय ते दुसऱ्या बोर्डाशी ताडून पाहा. फरक लगेच दिसतो.

कडा, ज्यांना रेल म्हणतात, त्या सुरुवातीला जाड आणि गोल असाव्यात. चुकलेलं वजन त्या माफ करतात. शेपूट रुंद असावं, चौकोनी किंवा गोल. टोकही रुंद आणि गोल. एकंदरीत तुमच्या पहिल्या बोर्डात कुठेही तलवारीसारखं काही दिसता कामा नये.

पाचवी पायरी: तुमचं माप

साधा हिशेब: जितकं वजन किलोत, किमान तितके लिटर, आणि आपल्या लाटेसाठी त्यावर दहा-पंधरा जास्त. ५५ किलोच्या मुलीला ६५ ते ७० लिटरचा ८ फुटी बोर्ड उत्तम. ७० किलोच्या माणसाला ८० ते ८५ लिटर, म्हणजे साडेआठ ते नऊ फूट. ९० किलोच्या वर असाल तर नऊ फुटांखाली येऊ नका, साडेनऊ मिळाला तर अधिक चांगलं. रुंदी २२ इंचांच्या वर, जाडी तीन इंचांच्या आसपास. तुलनेसाठी सांगतो, सुरुवातीला ज्या सहा फुटी बोर्डाचा फोटो येतो म्हटलं, त्यात साधारण २७ ते ३० लिटर असतात.

वय पन्नाशीच्या पुढे असेल, खांदा दुखत असेल किंवा पोहण्याची सवय सुटली असेल तर आणखी दहा लिटर धरा. आमच्याकडे साठीतले एक काका दर शनिवारी येतात, त्यांच्याकडे दहा फुटी बोर्ड आहे आणि त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त लाटा मिळतात.

बोर्डाचा प्रकार विचाराल तर पहिला बोर्ड मऊ फोमचाच घ्या, सॉफ्टटॉप. किनाऱ्यावर रविवारी आंघोळ करणाऱ्यांची गर्दी असते, मुलं धावत असतात; तुमच्या हातून सुटलेला कडक बोर्ड कुणाच्या तोंडावर बसला तर दात जातात. मालवणच्या बाजूला पाण्यात खडक आहेत, तिथे कडक बोर्ड एका दिवसात फुटतो. शिवाय फोमचा बोर्ड वाळूवर टाकला, झाडाला टेकवला, तरी त्याला फारसं काही होत नाही.

सहावी पायरी: आधी भाड्याने, आणि एकाच आठवड्यात तीन

किनाऱ्यावरच्या सर्फ शाळा तासावर बोर्ड देतात. एक सकाळ ९ फुटी, दुसरी सकाळ ८ फुटी, तिसरी सकाळ साडेसात. तिन्ही दिवशी उंची, सेकंद आणि भरती लिहा, आणि किती लाटा पकडल्या ते मोजा. उभे किती वेळ राहिलात ते सोडा, फक्त पकडलेल्या मोजा. हा आकडा ज्या मापाला घसरतो त्याच्या आधीच्या मापावर थांबा. विक्रेत्याने काहीही सांगितलं तरी तुमच्या वहीवर विश्वास ठेवा. ‘हा लवकरच मोठा वाटायला लागेल, थोडा छोटाच घे’ हे मला ऐकवणाऱ्याने कधी आमच्या किनाऱ्यावर पाय ठेवलेला नव्हता.

सातवी पायरी: जुना बोर्ड तपासताना

मोसम संपला की एप्रिल-मेमध्ये परत जाणारे लोक बोर्ड विकतात. तेव्हा चांगला जुना बोर्ड मिळतो, पण हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

कडक बोर्ड असेल तर वरचा भाग तळहाताने दाबत जा. कुठे पोकळ लागलं किंवा बोट लावलं की आत जाऊन परत वर आलं, तर काच-फायबरचा थर फोमपासून सुटला आहे. उन्हात ठेवलेल्या बोर्डाचं हे ठरलेलं दुखणं. पांढऱ्या बोर्डावर तपकिरी-पिवळा डाग असेल तर तिथून पाणी आत शिरलंय. बोर्ड उभा करून ठेवा आणि शेपटीशी पाणी ठिबकतं का पाहा. मधोमध आडवी रेघ दोन्ही बाजूंनी दिसत असेल तर तो एकदा मोडून जोडलेला आहे. तसा घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. फिन, म्हणजे बोर्डाच्या पोटाखालचे पंखे, त्यांच्या खाचा हलवून बघा. फोमच्या बोर्डात एकच गोष्ट महत्त्वाची: दोन्ही टोकं धरून हलके वाकवा. आत कडक पट्टी असते ती तुटली असेल तर मधून मऊ पडलेला लगेच कळतो.

लहान खरचटं, चिरा यांना घाबरू नका. उन्हात सुकवून, पॉलिश पेपरने घासून रेझिन लावलं की भरून येतात. फक्त फोम कुठला आहे ते विचारून घ्या. पॉलिस्टर रेझिन थर्मोकोलसारख्या ईपीएस फोमला लावलं तर फोम वितळतो, त्याला इपॉक्सी रेझिनच लागतं.

फिन, लीश, वॅक्स

उथळ पाणी असल्याने फिन मऊ रबरी घ्या; वाळूला घासले तरी तुटत नाहीत आणि पायालाही लागत नाहीत. लीश, म्हणजे घोट्याला बांधायची दोरी, बोर्डाइतकी लांब. आखूड लीश ताणली की बोर्ड उसळून अंगावर येतो. वॅक्स, म्हणजे पाय घसरू नये म्हणून बोर्डावर चोळायचं मेण, ‘ट्रॉपिकल’ लिहिलेलंच घ्या. आपलं पाणी २७-२८ अंशांच्या वर असतं, थंड पाण्याचं वॅक्स इथे अर्ध्या तासात तेलासारखं ओघळतं. पूर्ण फोमच्या बऱ्याच बोर्डांना सुरुवातीला वॅक्स लागतही नाही.

पाण्यात उतरताना आणखी दोन गोष्टींकडे लक्ष असू द्या. मच्छीमार रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर तिथून लांब राहा, तो त्यांचा किनारा आहे. आणि मोरजी-मांद्र्याला नोव्हेंबरपासून कासवांच्या घरट्यांना कुंपण घातलेलं असतं, त्याच्या आतून बोर्ड नेऊ नका.

ने-आण आणि ऊन

नऊ फुटी बोर्ड एसटीत मावत नाही, हे घेण्याआधी लक्षात घ्या. गाडीच्या टपावर मऊ पट्टे टाकून, फिन वर आणि पुढच्या बाजूला ठेवून बांधा; बोर्डाच्या पुढे आलेल्या भागाला एक जादा दोरी पुढच्या बंपरला. बंद गाडीत किंवा टपावर भर दुपारी बोर्ड ठेवू नका. एका एप्रिलमध्ये माझा बोर्ड दोन तास गाडीच्या काचेआड राहिला आणि वरचा थर पापडासारखा फुगला. गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत, भिंतीला आडवा. पावसाळ्यात पिशवीतून काढून माळ्यावर ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

दुसरा बोर्ड कधी

दहा लाटांसाठी हात मारले आणि सात मिळाल्या. मिळालेल्या लाटेवर सरळ किनाऱ्याकडे न जाता डावी-उजवीकडे तिच्या तोंडावरून तिरपं पळता येतं. आणि हे कंबरेइतक्या, ७ सेकंदांच्या सामान्य दिवशी जमतं. तोवर पहिला बोर्ड सोडू नका. बहुतेकांना यासाठी दोन मोसम लागतात. त्यानंतरही थेट शॉर्टबोर्डकडे न जाता साडेसात फुटी मिडलेंग्थ, म्हणजे मधल्या लांबीचा बोर्ड घ्या, किंवा फिश: आखूड, पण रुंद, सपाट, दोन फिनचा, माशाच्या शेपटीसारखी खाच असलेला. हा प्रकार सुस्त लाटेवरही पळतो. श्रीलंकेतल्या अरुगम बेला किंवा चेन्नईजवळच्या कोवलमला जायचा बेत असेल तर तिथल्या लाटेचा बोर्ड तिथेच भाड्याने घ्या, आणि इथला नऊ फुटी विकू नका. मार्चमध्ये भरतीच्या वेळी गुडघाभर लाट येईल, फिश घेतलेले सगळे किनाऱ्यावर बसलेले असतील, आणि पाण्यात फक्त तुम्ही आणि ते साठीतले काका असाल.